सर्वानुमते भास

बाळासो वरुटेला नैराश्याचा आजार आहे, ही बातमी पेठेत मंगळवारी सकाळी साडेनऊला फुटली. दहा वाजेपर्यंत तिच्यावर उपाय सुचवणाऱ्यांची संख्या सतरा झाली होती. त्यात डॉक्टर एकही नव्हता, त्यामुळे एकमत व्हायला अडचण आली नाही. बाळासोनं पहाटे उठून कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यावं, तालमीत जोर मारावेत आणि विचार करणं बंद करावं, असं ठरलं. विचार करणं बंद कसं करायचं, हे कुणी विचारलं नाही. सुचवणारे त्या बाबतीत अनुभवी होते.

बाळासो सत्तेचाळीस वर्षांचा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत तयार मालाची तपासणी करायचा. ओतलेल्या लोखंडात कुठं भेग आहे, कुठं हवा अडकली आहे, हे शोधणं त्याचं काम. पेठेतल्या जुनी विहीर तालीम मंडळाचा तो सचिव आणि एके काळी मंडळाच्या फुटबॉल संघाचा कप्तान. गेली दोन वर्षं कामावरून सुटल्यावर तो कारखान्याच्या गेटबाहेर मोटरसायकलवर पाऊण पाऊण तास नुसता बसून राहायचा. काही वाईट घडलं नव्हतं. घरी जायची इच्छा नव्हती, दुसरीकडं कुठं जायचीही नव्हती. तीन प्रकारच्या गोळ्या घेऊन झाल्या. शेवटी बायको निशिगंधानं, जी शाळेत गणित शिकवायची आणि गणित सुटत नसेल तर रीत बदलावी असं मानायची, त्याला डॉ. शिवलीला पट्टणशेट्टी यांच्याकडं नेलं.

डॉक्टर मूळच्या निपाणीकडच्या. घरी कन्नड बोलायच्या, दवाखान्यात मराठी, आणि दोन्ही भाषांत सारखंच कमी बोलायच्या. त्यांनी केटामाइनची माहिती दिली. भूल द्यायला वापरतात तेच औषध, पण फार कमी मात्रेत, शिरेतून, चाळीस मिनिटं. आठवड्यातून दोनदा, एकूण सहा वेळा. माणूस जागा असतो, पण स्वतःपासून थोडा लांब जातो. नेहमीच्या गोळ्यांनी न हटणारा आजार काही जणांत यानं हलतो, सगळ्यांत नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि सोबत कुणीतरी एक जण हवा.

कुणीतरी एक जण, या शब्दांचा अर्थ पेठेत वेगळा होतो. पहिल्या सत्राला अकरा जण आले.

"वहिनी, तुम्ही एकट्या कशाला? तालीम काय मेलीय का?" असं म्हणत मंडळाचे अध्यक्ष पृथ्वीराजदादा दोन गाड्या घेऊन दारात उभे राहिले. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि दादा भावी नगरसेवक होते. गेल्या तीन निवडणुकांपासून ते भावीच होते. दवाखान्यात डॉक्टरांनी निशिगंधाला आत घेतलं आणि बाकीच्यांना बाहेरच्या बाकांवर बसवलं. बाक दोन होते. उरलेल्यांनी उभ्यानं आधार दिला.

मंडळाचे सर्वांत जुने सभासद ज्ञानूतात्या यांनी तेवढ्यात नर्सला गाठलं.

"ह्ये औषध जनावराच्या डॉक्टरकडं बी असतंय न्हवं? आमच्या म्हशीला दिल्तं."

"असतंय की."

"मग म्हशीला किती आणि बाळासोला किती?"

"आजोबा, खाली बसा."

"बसतो, पर म्हशीपेक्षा कमी देऊ नका. खात्यापित्या घरचं पोरगं हाय."

पहिल्या तीन सत्रांत बाळासोला काही उमगलं नाही. छत लांब गेलं, हातपाय दुसऱ्या कुणाचे तरी झाले, एकदा आपण पंख्याच्या उंचीवरून स्वतःच्या चपलांकडं बघतोय असं वाटलं. बाहेर आल्यावर अकरा जणांनी विचारलं, काय दिसलं. तो म्हणाला, "चपला." मंडळी नाराज झाली. एवढं औषध शिरेतून घेऊन माणसाला निदान अंबाबाई तरी दिसायला पाहिजे होती, असं तात्यांचं मत पडलं. पुढच्या खेपेला आठच जण आले.

चौथ्या सत्रात त्याला चेंडू दिसला.

हा चेंडू पेठेत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बावीस वर्षांपूर्वीचा अंतिम सामना, सदुसष्टावं मिनिट. या सामन्याची तारीख पेठेला पाठ आहे. स्वतःच्या लग्नाची विचारली तर लोक बायकोकडं बघतात. उजवीकडून एक साधा चेंडू उंचावरून आला. जुनी विहीरचा गोलकीपर केरबा मोरबाळे दोन पावलं पुढं आला, त्यानं हात वर केले आणि ऐन वेळी ते खाली घेऊन तो नुसता उभा राहिला. चेंडू खांबाला आतून लागून जाळीत गेला. सामना एक-शून्य असा गेला. केरबा चेंडूकडं बघत राहिला, म्हणून त्याच संध्याकाळी त्याचं नाव 'बघ्या' पडलं.

पेठेनं दिलेली पदवी विद्यापीठाच्या पदवीपेक्षा टिकते. ती परत करता येत नाही आणि मुलाबाळांना आपोआप मिळते. केरबानं चार वर्षं काढली, मग तो उचगावला गेला आणि तिथं त्यानं ग्रील-शटरचं दुकान घातलं. त्याची मुलगी प्रियदर्शनी आता कॉलेजच्या मुलींच्या संघात गोलकीपर आहे. ती मैदानात उतरली की पायऱ्यांवरून 'बघ्याची पोरगी' अशी हाक येते. हाक देणाऱ्यांतल्या निम्म्यांचा जन्म त्या सामन्यानंतरचा आहे.

त्या दिवशी चाळीस मिनिटांत बाळासोला चेंडू दिसला, केरबाचे वर गेलेले हात दिसले, आणि आपला स्वतःचा आवाज ऐकू आला. "सोड, केरबा. सोड. भाईर जातोय."

डॉक्टरांनी डोळ्यांवर बांधलेली काळी पट्टी काढली, रक्तदाब बघितला आणि अर्ध्या तासानं विचारलं, "हे तुम्हाला आज आठवलं, की आधीपासून माहीत होतं? नीट विचार करून सांगा. या औषधात दिसलेलं सगळं खरं असतंच असं नाही."

 "माहीत होतं," बाळासो म्हणाला.

"कुणाकुणाला?"

"मला. केरबाला. त्यानं त्याच दिवशी तालमीत सांगितलं होतं, बाळासो सोड म्हणाला म्हणून. मी म्हणलो, मी न्हाय म्हणलो. मी कप्तान होतो. माझं ऐकलं."

"मग औषधानं काय केलं?"

"न्हाय म्हणायची सवय होती, ती चाळीस मिनिटं सुटली."

डॉक्टरांनी हे लिहून घेतलं आणि त्याला एक छापील कागद दिला. सत्र म्हणजे उपचाराचा अर्धाच भाग, असं त्यात होतं. सत्रात जे उमगलं ते वहीत लिहा. पंधरा दिवस मोठे निर्णय घेऊ नका. विश्वासातल्या एक-दोन माणसांशी बोला. एखादी लहानशी कृती ठरवा आणि ती रोजच्या जगण्यात आणा. "याला इंटिग्रेशन म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "लोणचं घातलं म्हणजे झालं असं नसतं. मुरावं लागतं."

बाळासोनं पहिल्यांदा निशिगंधाला सांगितलं. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "दोन वर्षं तुम्ही गेटवर बसताय, ते ह्यामुळं?"

"ह्यामुळंच असं न्हाय. पण ह्ये पण हाय त्यात."

"मग केरबाभावजींच्याकडं जावा."

"आधी तालमीत सांगतो. जिथं खोटं बोललो तिथं. वहीत ठराव हाय तसा, त्यो रद्द करून घेतो. मग जातो."

सचिव असल्यामुळं बाळासोला तो ठराव तोंडपाठ होता. 'गोलरक्षक केरबा मोरबाळे यांच्या हलगर्जीपणामुळे मंडळाची मानहानी झाली असून त्यांना संघातून कमी करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.' खाली त्या वेळचे संघ व्यवस्थापक म्हणून पृथ्वीराजदादांची सही होती आणि कप्तान म्हणून बाळासोची. बावीस वर्षांत मंडळाच्या छताचे पत्रे दोनदा बदलले. वही शाबूत राहिली.

तालमीत सांगायची संधी शोधावी लागली नाही. सहावं सत्र गुरुवारी संपलं आणि शुक्रवारी सकाळी पेठेच्या चौकात फ्लेक्स लागला. वीस बाय दहा. 'केटामाइनची सहा सत्रे यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल मनोविजेते बाळासो वरुटे यांचे हार्दिक अभिनंदन.' बाळासोचा फोटो दवाखान्यातला, हाताला सलाईन लावलेला, डोळ्यांवर काळी पट्टी. तो कुणी आणि कसा काढला, याचा तपास लागला नाही. त्याच्या दुप्पट आकाराचा पृथ्वीराजदादांचा फोटो, गॉगल लावलेला. दोघांच्याही डोळ्यांवर काळं असल्यामुळं रचना जमून आली होती. खाली शुभेच्छुकांचे बावन्न चेहरे. नैराश्याचा आजार लोक लपवतात, अशी डॉक्टरांची नेहमीची तक्रार असते. जुनी विहीर तालमीनं तो प्रश्न वीस बाय दहामध्ये निकालात काढला.

फौंड्रीत जाताना बाळासोनं फ्लेक्स बघितला. वॉचमननं गेटवर त्याला सलाम केला आणि विचारलं, "साहेब, ते काळं बांधून काय करत्यात? म्होरचं दिसतंय का?"

फ्लेक्सच्या कोपऱ्यात कार्यक्रम छापला होता. रविवारी सकाळी दहा वाजता, तालमीच्या हॉलमध्ये, 'मनोविजेत्याचे अनुभवकथन'. नंतर मिसळ.

रविवारी एकशे चाळीस माणसं आली. मिसळ किती जणांमुळं आणि अनुभव किती जणांमुळं, हे सांगणं कठीण आहे, पण साडेनऊलाच कटाच्या पातेल्याजवळच्या खुर्च्या भरल्या होत्या. दादांनी प्रास्ताविक केलं. मनाचे आजार वाढत आहेत, तरुणांनी खेळाकडं वळावं, आपल्या प्रभागात मन मोकळं करायला एक उद्यान असावं आणि ते कोण करू शकेल हे जनतेनं ठरवावं. बावीस मिनिटं. मग बाळासो उठला. त्यानं सत्रांची वही उघडली.

"मला चौथ्या सत्रात आपली फायनल दिसली," तो म्हणाला.

हॉलमध्ये समाधानाची कुजबुज झाली. अखेर औषधानं पेठेचं काहीतरी दाखवलं होतं.

"केरबानं चेंडू सोडला, कारण मी त्याला सोड म्हणालो. मला वाटलं भाईर जातोय. त्यानं इथं, ह्याच हॉलमध्ये ते सांगितलं होतं. मी न्हाय म्हणलो. मी खोटं बोललो. त्याच्यावर केलेला ठराव रद्द करावा आणि त्याला कुणी बघ्या म्हणू नये, एवढी माझी विनंती हाय."

तो बसला. मिसळीला उकळी आली होती, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

पेठेची अडचण समजून घेतली पाहिजे. तो सामना हरल्यापासून जुनी विहीर अकरा वेळा उपांत्य फेरीत गारद झाली. प्रत्येक वेळी लोक सांगत आले की बघ्यानं घाण केली नसती तर सगळंच वेगळं झालं असतं. अकरा हरलेल्या सामन्यांचा पाया एका सकाळी काढून घ्यायचा म्हणजे वरची इमारत कुठं ठेवायची? शिवाय मनोविजेता खोटारडा निघाला, तर चौकातल्या वीस बाय दहाचं काय करायचं, हा दादांपुढचा प्रश्न तातडीचा होता.

सर्वांत आधी ज्ञानूतात्या सावरले. "बाळासो, पोरा, तुला कवा दिसलं म्हणालास ह्ये? औषध चालू असताना?"

"व्हय."

"आन त्याच्या आदल्या खेपेला चपला दिसल्या होत्या."

"व्हय."

"त्या वर पंख्याजवळनं दिसल्या होत्या. पंख्याजवळ चपला हुत्या का?"

"चपला खालीच होत्या, तात्या. मी वर होतो."

"तू वर हुतास का पर?"

हॉल हसला. इमारत जागेवर आली. दादांनी खिशातून फोन काढला, डॉक्टरांचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"पेशंटबद्दल मी बोलणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"पेशंटचं न्हवं मॅडम, जनरल इचारालोय. ह्या औषधात न झालेले आवाज ऐकू येत्यात का?"

"काही जणांना येऊ शकतात, पण..."

दादांनी फोन बंद केला. "ऐकलं न्हवं सगळ्यांनी?" 'पण'नंतरचं वाक्य सभेच्या कामकाजात आलं नाही.

ठराव तिथंच तयार झाला. 'मंडळाचे सचिव बाळासो वरुटे यांना उपचारादरम्यान आवाजाचा भास झाला असून या कठीण काळात मंडळ त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहे.' सूचक ज्ञानूतात्या. अनुमोदक म्हणून सात हात एकदम वर आले, कारण मिसळ वाढायला घेतली होती.

"सर्वानुमते मंजूर," दादा म्हणाले. "बाळासो, लिही ठरावाच्या वहीत."

"माझा विरोध हाय."

"पेशंटचं मत धरत न्हाईत."

"पेशंटचं धरू नका. सचिवाचं धरा."

"सचिवाला मत नसतंय. सचिवाला पेन असतंय."

बाळासोनं पेन उघडलं. ठराव शब्दाशब्दानं लिहिला, त्याखाली 'सचिवांचा विरोध' असं लिहिलं, त्याखाली 'सचिवांचा राजीनामा' असं लिहिलं, सही केली आणि वही दादांच्या मांडीवर ठेवली. तर्री न घेता तो घरी गेला. पेठेत याची दखल राजीनाम्यापेक्षा जास्त घेतली गेली. मिसळ टाकून माणूस उठून गेला म्हणजे औषध अजून अंगात आहे, यावर दुपारपर्यंत कुणाला शंका उरली नव्हती.

सोमवारी अर्धी रजा टाकून तो उचगावला गेला. केरबा दुकानासमोर एका गेटाला वेल्डिंग करत होता. त्यानं डोळ्यांवरची काच वर केली, बाळासोला बघितलं आणि काच परत खाली घेतली. ते जोडकाम पूर्ण झाल्यावर तो उठला.

"या पावणं. काय पाहिजे, ग्रील का शटर?"

"केरबा, मी बाळासो."

"वळखलं की. काय पाहिजे?"

बाळासोनं सांगितलं. वहीतलं, हॉलमधलं, सगळं. केरबानं मध्ये एकदा कामगाराला पत्रा कुठं कापायचा ते दाखवलं, पण ऐकत होता.

"ह्ये मला कशाला सांगालायस?" तो म्हणाला. "मी तिथंच हुतो की."

"माफी मागायला आलोय."

"ती तुला पाहिजे हाय. तुझी झोप तुझ्याजवळ. मला काय पाहिजे, ते इचारलंस का?"

"काय पाहिजे?"

"पुढच्या महिन्यात पोरीची मॅच हाय. मला दुकानात काय बी म्हणा, मी घट्ट झालोय. ती गोलात उभारल्यावर तिला बघ्याची पोरगी कुणी म्हणायचं न्हाय. ती काय म्हणत न्हाय घरी. हातमोजे धुताना लई वेळ लावती."

"मी काल सांगितलं सगळ्यांना. भास झाला म्हणाले."

"मग आज सांग. आज तर औषध उतरलंय न्हवं?"

"चार दिवस झाले उतरून."

"तुझ्या डॉक्टरीणबाईनं काय सांगितलंय म्हणालास?"

"रोजच्या जगण्यात मुरवा."

"मग जा की. माझ्या दुकानात मुरवून काय उपेग? हितं बघ्या म्हणणारं कोण न्हाय." केरबानं काच खाली घेतली. "आणि मॅचच्या आधी परत येऊ नको. आलास तर ग्रील घ्यावं लागंल."

बाळासोची लहानशी कृती अशी ठरली. डॉक्टरांना त्यानं ती फोनवर सांगितली. डॉक्टर म्हणाल्या, "लोक त्रास देतील." तो म्हणाला, "देत्यातच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो दूध कट्ट्यावर गेला. कुणीतरी विचारलं, "काय बाळासो, बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. त्या फायनलला सोड मी म्हणालो होतो."

विचारणाऱ्यानं दुधाचा पेला संपवला आणि दुसरीकडं बघितलं. बाळासो तिथून केस कापायला गेला आणि कात्री चालू असताना, म्हणजे ऐकणाऱ्यांना हलता येत नव्हतं तेव्हा, परत तेच बोलला. मग पानपट्टीवर. मग एका साखरपुड्यात, नवऱ्या मुलाच्या काकांनी 'आपण कोण' असं विचारलं तेव्हा. मग एका रक्षाविसर्जनाला, कारण मयत माणूस तो सामना बघायला हजर होता. तो ओरडायचा नाही, वाद घालायचा नाही. फौंड्रीत लोखंडातली भेग दाखवावी तसं दाखवायचा आणि गप्प व्हायचा.

पहिल्या आठवड्यात पेठेला त्याची कीव आली. लोकांनी निशिगंधाला थांबवून विचारलं, औषधाचा उतारा मिळतो का. तिनं सांगितलं, "मिळतो. खरं हाय म्हणा, मग ते थांबतील." दुसऱ्या आठवड्यात लोक चिडले. मनोविजेता समोरून आला की रस्ता बदलू लागले. चौकातला फ्लेक्स बुधवारी दुपारी उतरला आणि त्या जागी दादांचा एकट्याचा लागला.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, कट्ट्यावर म्हशीची धार चालू असताना एकानं कंटाळून विचारलं, "अरे, पण भाईर जात न्हवता त्यो चेंडू. तू सोड म्हणालासच कसा?"

 विचारणाऱ्याच्या लक्षात आलं नाही की त्यानं काय केलं. बाकीच्यांच्याही आलं नाही. त्यांच्या लक्षात एवढंच आलं की वाद घालायला बावीस वर्षांनी एक नवा मुद्दा मिळाला आहे.

"वारं हुतं त्या दिवशी," दुसरा म्हणाला.

"कसलं वारं? ह्याची नजर कच्ची. पोरगं चांगलं हात वर करून उभारलेलं, आणि ह्यो सोड म्हणतोय."

"कप्तान कुणी केला ह्याला?"

"दादांनी."

ही चर्चा साडेनऊपर्यंत चालली आणि दहा वाजता सलूनमध्ये पुढं चालू झाली. पेठेला एका वेळी एकाच माणसावर राग धरता येतो. तो बाळासोवर आला तेव्हा केरबावरचा कुठं गेला, हे कुणी बघितलं नाही. गुरुवारी सलूनवाल्यानं बाळासोच्या मानेवर वस्तरा ठेवून त्याचं नामकरण केलं: सोड्या. शनिवारपर्यंत ते शाळेच्या पोरांपर्यंत पोचलं. ज्ञानूतात्या आता सांगत होते की आपण हे त्याच दिवशी ओळखलं होतं, पण सभेत बोलायची आपली सवय नाही. दादांनी भासाचा ठराव मागं घेतला नाही. पत्रकारांनी विचारलं तर सांगायचं म्हणून त्यांनी एक वाक्य तयार ठेवलं होतं, पण पत्रकारांनी विचारलं नाही.

महिन्याच्या तपासणीला बाळासोनं डॉक्टरांना सगळा वृत्तांत दिला. झोप साडेपाच तास. गेटबाहेर बसणं दहा मिनिटांवर आलं होतं, तेही रोज नाही. भूक बरी. पेठेत त्याला आता सोड्या म्हणतात.

"त्याचा त्रास होतो?"

"होतोय की. पर ह्यो त्रास कशाचा हाय ते म्हायती हाय."

डॉक्टरांनी कागदावर 'सुधारणा' असं लिहिलं आणि गोळ्या बंद न करता पुढची तारीख दिली.

सामना शनिवारी दुपारी चारला होता. मुलींच्या सामन्याला एवढी गर्दी नेहमी होत नाही. पण जुनी विहीरची पन्नास-साठ पोरं आली होती, आणि ती खेळ बघायला आली नव्हती. केरबा वरच्या पायरीवर एकटा बसला होता, हाताची घडी घालून. बाळासो खाली, गोलाच्या मागच्या कोपऱ्यात. त्यांनी एकमेकांकडं बघितलं, मान हलवली नाही.

प्रियदर्शनी मैदानात आली. उंच, बापासारखी किंचित पुढं झुकून चालणारी. तिनं खांबाला हात लावला तसा पायऱ्यांवरून आवाज आला, "ए बघ्याची..."

"गप की," शेजारचा त्याला म्हणाला. "बघ्या कुठला? सगळं सोड्यानं केलंय. त्यो बघ, तिकडं बसलाय."

सगळी पायरी वळली. "सोड्याऽऽ," पन्नास-साठ गळ्यांतून एकदम हाक आली. पुन्हा आली.  बाळासोनं हात वर केला, सत्काराला उत्तर द्यावं तसा, आणि तो वरच धरला, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून.

प्रियदर्शनीनं मागं वळून बघितलं. मग ती पाण्याची बाटली घ्यायला म्हणून जाळीजवळ आली.

"वरुटेकाका न्हवं तुम्ही?"

"व्हय."

"पप्पांनी सांगितलंय मला सगळं." ती पाणी प्यायली, मग तिनं हातमोज्याची पट्टी दातानं ओढून घट्ट केली. "बसा की, तिकडं ऊन हाय, हिकडं सरकून बसा. पर एक सांगतो, राग मानू नका. मॅच संपंपर्यंत तोंड उघडायचं न्हाय."

बाळासो सरकून बसला. सत्तर मिनिटांच्या सामन्यात तिच्याकडं नऊ चेंडू आले. प्रत्येक वेळी तो उठून उभा राहिला आणि प्रत्येक वेळी ओठ घट्ट मिटून खाली बसला.